तळघरातला तास

"मी सही केली असती," ती म्हणाली, आणि तळघरातली चुळबुळ एकदम थांबली.

प्रश्न सरांचा होता. मनोरुग्णांच्या या जुन्या, आता संग्रहालय झालेल्या इस्पितळात, युद्धाच्या काळात, सरकारी हुकमाने 'निरुपयोगी' ठरवलेल्या शेकडो रुग्णांना मारून टाकलं होतं. मारण्याआधी प्रत्येकाच्या कागदावर एका डॉक्टरची सही लागे. सर दर वर्षी पदव्युत्तर डॉक्टरांची तुकडी घेऊन इथे येत, रुग्णांना मारलं त्याच या पांढऱ्या फरश्यांच्या खोलीत मुलांना उभं करत आणि विचारत, "तो कागद तुमच्यापुढे आला असता तर?" नऊ वर्षं एकच उत्तर येई. छे सर, नोकरीवर लाथ मारली असती! मग मुलं बाहेर जाऊन डोळे पुसत, झकास निबंध लिहीत आणि नीतिशास्त्रात भरघोस गुण घेऊन जात.

अलीकडे ते उत्तर सरांना टोचू लागलं होतं. सगळेच जर लाथ मारणारे, तर त्या शेकडो सह्या केल्या कोणी? आज तर सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. उगाच चष्मा काढत होते, पुसत होते, पुन्हा लावत होते.

"काहीतरीच काय!" मागून एक जण उसळला. "इथे उभं राहून असं बोलवतं तरी कसं तुला?"

सरांनी त्याला हातानेच गप्प केलं. ही मुलगी वर्गात कधी तोंड उघडायची नाही. आता तिच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. सरांना खरं तर बरंच वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं होतं.

"बोल," ते म्हणाले. "का केली असतीस?"

"कारण गेल्या आठवड्यात केलीच की, सर." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "आमच्या वॉर्डात नव्या औषधाची चाचणी चाललीय. सतरा पेशंट, सगळे म्हातारे. त्यांना सगळं समजावून सांगितलं, असं मी साक्षीदार म्हणून लिहून दिलं. कोणी काही सांगितलं नव्हतं. एका आजींनी विचारलं, 'कसलं औषध गं, बाळा?' मी म्हटलं, ताकदीचं. आता त्यांचे डोळे पिवळे झालेत, सर. उद्या सकाळी दुसरा डोस आहे."

"अगं, मग कोणाला सांगितलं का नाहीस?" सरांनी विचारलं.

"सांगितलं ना! मोठे डॉक्टर म्हणाले, नीतिसमितीची मंजुरी आहे, तू कोण लागून गेलीस?" आता पहिल्यांदाच तिने सरांकडे पाहिलं. "मंजुरीच्या पत्रावर, समितीचे अध्यक्ष म्हणून, सही तुमची आहे."

सरांनी ते औषध आठवून पाहिलं. नाव आठवेना. आठवली ती समितीची गेल्या महिन्यातली बैठक. समोर चाचण्यांच्या पस्तीस प्रस्तावांचा ढीग, बाहेर ताटकळलेली गाडी. समितीच्या सचिवबाई पान उलटून बोट ठेवत होत्या आणि ते सही ठोकत होते.

'निर्णय समितीचा होता, माझी फक्त सही होती,' हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं, आणि त्यांनी ते तिथेच गिळलं. तासाभरापूर्वी वरच्या मजल्यावर, काचेखाली ठेवलेली, त्या काळी सह्या करणाऱ्या एका डॉक्टरची जबानी त्यांनी मुलांना मोठ्याने वाचून दाखवली होती. तिच्यात हेच वाक्य होतं, शब्दन्‌शब्द.

तळघरात फोन लागत नव्हता. सर दोन-दोन पायऱ्या चढत अंगणात आले. मागोमाग सगळी मुलं.

"त्या सतरा म्हाताऱ्या पेशंटवरची चाचणी आत्ताच्या आत्ता थांबवा," ते सचिवबाईंना फोनवर म्हणाले. "मंजुरी मी मागे घेतोय. आणि सतराच्या सतरा जणांना आजच तपासायला लावा. आधी त्या डोळे पिवळे झालेल्या आजी."

"असं एकदम, सर? कंपनीवाले जाब विचारतील. रजिस्टरात कारण काय लिहू?" बाई घुटमळल्या, मग आपुलकीने म्हणाल्या, "तांत्रिक चूक लिहू का? म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही."

"नको," सर म्हणाले. "लिहा, अध्यक्षांनी न वाचता सही केली."