पाहुण्यांशी आधी बोलायचं नाही

पाहुणे दारात येऊन उभे राहिले तेव्हा बाई मागच्या बाजूला खुर्च्यांची आणखी एक रांग लावून घेत होत्या. हॉल तुडुंब भरला होता. खिडक्यांच्या कट्ट्यांवरसुद्धा माणसं दाटीवाटीने बसली होती.

बाईंना भरून आलं. एके काळी याच हॉलमध्ये लोक घरून सतरंज्या आणायचे, उशिरा येणाऱ्याला पायऱ्यांवर बसून ऐकावं लागायचं. मग गळती लागली ती लागलीच. गेल्या वर्षी तर वक्त्यापेक्षा पंख्यांचा आवाज जास्त होता. "यंदाही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर व्याख्यानमाला बंद. हॉल भाड्याने देऊन टाकू," असं वकीलसाहेबांनी, म्हणजे अध्यक्षांनी, बैठकीत तोंडावर सांगितलं होतं. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण मालेच्या चिटणीसपदावरून निवृत्त व्हायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

म्हणून यंदा त्यांनी लांबून नावाजलेला वक्ता बोलावला होता. विषय होता 'ऐकण्याची कला'. गृहस्थांना त्यांनी पाहिलेलं नव्हतं, फक्त फोनवर बोलणं झालं होतं. "मी साधा माणूस आहे, बाई. सभेआधी जरा बावरतो. फार सरबराई करू नका," असं ते म्हणाले होते.

त्यांना स्टेशनवरून आणायला बाईंचे यजमान गेले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. निघताना तात्यांनी चष्मा पुढे केला. दांडीचा स्क्रू पडला होता.

"आजच पडायचा होता?"

"त्याला कुठे ठाऊक आज तुझं व्याख्यान आहे ते!"

हाताला लागला तो पिवळा दोरा घेऊन बाईंनी दांडी बांधून दिली आणि बजावलं, "वाटेत पाहुण्यांशी गप्पा मारू नका."

हा बाईंचा जुना नियम. फार वर्षांपूर्वी एका वक्त्याने आपले सगळे किस्से चहाबरोबरच संपवले होते, आणि व्यासपीठावर तो तोंड उघडायच्या आधीच पहिली रांग हसायला लागली होती. तेव्हापासून व्याख्यानाआधी पाहुण्यांशी कुणी बोलायचं नाही. पाणी द्यायचं आणि बसवायचं. तात्या चिडवायचे, "पाहुणा आहे की कुकर? शिटी होईपर्यंत झाकण उघडायचं नाही म्हणे!"

दारातले पाहुणे अगदी फोनवरच्यासारखेच निघाले. अंगाने बारीक, साधे, बावरलेले.

"या, या! डोळे लागले होते वाटेकडे."

"बाई... त... तुम्हीच ना चिटणीस? तुमचा फोन लागत नव्हता..."

"कसा लागेल? इथे सगळ्यांचे फोन बंद करायला लावते मी. माझा सगळ्यांत आधी."

"मला जरा... बाजूला... तुमच्याशी..."

"आत्ता एक शब्द नाही! काय बोलायचं ते व्यासपीठावर."

पाण्याचा पेला त्यांनी तोंडाला न लावताच खाली ठेवला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. बाहेरच्या नळावर हातपाय धुऊन आलेले दिसतात, असं मनात म्हणत बाईंनी त्यांच्या टापटिपीला गुण देऊन टाकले. खिशातून चष्म्याची काच डोकावत होती.

"आमचे हे कुठे राहिले?"

पाहुण्यांनी तोंड उघडलं, पण उत्तर बाईंनीच दिलं. "गाडी लावत असतील. हत्ती बांधायला लागणार नाही इतका वेळ लागतो त्यांना."

"घ... घरचं दुसरं कुणी आहे का इथे? मुलगा, मुलगी?"

"अहो, हा अख्खा हॉल घरचाच!"

"बाई, वेळ नाहीये फार."

"परतीच्या गाडीची काळजी तुम्ही सोडा. हे नेऊन पोचवतील तुम्हाला."

"मला भाषण येत नाही हो..."

"मोठे वक्ते सगळे असंच म्हणतात. माईकसमोर उभे राहा, जीभ आपोआप सुटते."

दंडाला धरूनच बाईंनी त्यांना व्यासपीठावर नेलं, आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. वकीलसाहेब प्रास्ताविकाला उठले. त्यांचं प्रास्ताविक म्हणजे मारुतीचं शेपूट. मालेचा इतिहास झाला, त्यांचा स्वतःचा इतिहास झाला, मग ते श्रवणाच्या महत्त्वाकडे वळले. पाहुणे मध्येच उठले. बाईंनी बाहीला धरून खाली बसवलं. ते पुन्हा उठले. पुन्हा बसवलं.

"संपवतील हो ते," बाई हलकेच म्हणाल्या. "जगाला ऐकायला शिकवणारे तुम्ही, आणि तुम्हालाच धीर नाही?"

पाहुण्यांनी डोळे मिटून घेतले.

शेवटी टाळ्या झाल्या. पाहुणे माईककडे गेले. बाईंनी पदर सारखा केला आणि हॉलवरून नजर फिरवली. सगळीकडे माणसंच माणसं. रिकामी खुर्ची एकच होती, पहिल्या रांगेत तात्यांसाठी राखलेली. वकीलसाहेबांनी बाईंकडे बघून मान डोलावली. व्याख्यानमाला वाचली होती.

पाहुण्यांनी खिशातून चष्मा काढला. डोळ्यांना लावला नाही, टेबलावर ठेवला. त्याची एक काच तडकलेली होती. दांडीला पिवळा दोरा होता.

तो माणूस श्रोत्यांकडे पाठ करून बाईंकडे वळला. आता तो एकदाही अडखळला नाही.

"पुलाजवळ गाडी उलटली, बाई. तुमचे पाहुणे जागीच गेले. मिस्टर दवाखान्यात आहेत. तुमच्याशी बोलायचंय, एवढंच म्हणत होते. मी निघालो तेव्हा त्यांना बोलता येत होतं."