शनिवारचे दहा गुण

"एक जरी चुकलं तरी पिशवी उचलायची आणि चालतं व्हायचं," रंगारी म्हणाला. समोरच्या दाढीवाल्याने मान हलवली. पिशवी त्याने पायांशीच ठेवली होती.

पंधरा वर्षांपूर्वी याच रंगाऱ्याने ब्रशच्या दांड्याने आपल्याच चौदा वर्षांच्या पोराला रक्त येईस्तोवर झोडपलं होतं. पोरगं गेलं ते गेलंच. बाप शोधायला गल्लीच्या टोकापर्यंतही गेला नाही. आणि आज सकाळी हा दारात उभा. म्हणे, मी तुमचा मुलगा.

निकाल शनिवारच्या खेळाने लावायचा, हे धाकटीने ठरवलं. भाऊ गेला तेव्हा ती तीन वर्षांची, तिला त्याचा चेहराही आठवत नव्हता. खेळ मात्र तिच्याही आधीपासूनचा. विषय शाळेचे, उत्तरं घरची. शाळेतलं उत्तर दिलं की शून्य. आई शिवणकामाच्या खडूने पाटीवर गुण लिहायची.

सात गुणिले आठ? चौपन्न, तो म्हणाला. रंगाऱ्याने एकदा डबे मोजताना घोळ घातला होता. चूक कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं, म्हणून घराने पाढाच बदलून टाकला होता. पाणी कधी उकळतं? आत्या जायला उठली की. जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट? तो नुसता रंगाऱ्याच्या टकलाकडे बघत राहिला. धाकटीला हसू आवरेना.

रंगारी हसला नाही. इतकं पाठ कसं राहिलं, त्याने विचारलं.

गोदीवरच्या खोलीत जोडीदाराबरोबर रोज हेच खेळायचो, तो म्हणाला. दोघांनाही तोंडपाठ. जोडीदार मागच्या वर्षी तापाने गेला.

"म्हणजे परक्यालाही येतं हे. घोकंपट्टी काय, कोणीही करेल," रंगारी म्हणाला.

धाकटी आईकडे वळली. तुम्हा दोघांनाच ठाऊक असेल असं काहीतरी विचार, म्हणाली.

आई बराच वेळ खडू बोटांत फिरवत बसली. त्याच्या तोंडाकडे बघत.

"बाबा आठवडाभर परगावी कामाला गेले होते," ती म्हणाली. "आपण गुपचूप मांजर आणलं होतं. ते कशात पडलं?"

त्याचा हात पिशवीच्या बंदाकडे गेला. तिथेच थांबला.

"रंगाच्या डब्यात," तो म्हणाला. "पांढऱ्या."

"बरोबर," आई म्हणाली.

धाकटी दादा दादा करत त्याच्या गळ्यात पडली. रंगारी मान खाली घालून बसला. चुकलं माझं, असं काहीतरी पुटपुटला. पंधरा वर्षं उशिरा. आईने पिशवी उचलून आतल्या कपाटात ठेवली.

"तुझा तो जोडीदार," तिने पाठमोरीच विचारलं. "गेला तेव्हा जवळ कोणी होतं?"

"मी होतो. डोकं माझ्या मांडीवर होतं."

तिने मान हलवली. पाटी ओढून दहा लिहायला घेतले. एक लिहिताना खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने तिने शून्य पुरं केलं.

मांजर त्या घरात कधी आलंच नव्हतं.