लोणच्याची बाटली

"सोडियमचे सहा तुकडे कापले होते. पाण्यात पाचच पेटले. सहावा कुणाकडे आहे?" मी विचारलं.

शलाका उठली. डब्यासोबत आणलेली लोणच्याची काचेची बाटली तिने छातीशी धरली होती. "रागावू नका बाई. आईला दाखवायचा होता. पाणी लागू दिलं नाही. रॉकेल नव्हतं, म्हणून तेलात ठेवला."

वर तेल होतं, खाली लिंबाचा रस, म्हणजे पाणीच. सोडियम तेलात बुडतं. तुकडा लिंबाच्या एका फोडीवर अजून तेलातच अडकून होता. झाकण घट्ट होतं.

"बाटली हळूच टेबलावर ठेव. हलवू नकोस," मी शांतपणे म्हटलं.

मी रागावले नाही हे पाहून ती हसली, आणि मला नीट दिसावं म्हणून तिने बाटली तिरकी केली.