थोडाफार हस्तक्षेप

सोसायटीच्या अध्यक्षपदाची मतं मोजून झाली आणि खांडेपारकर नऊ मतांनी पडले. विजयासाठी खास शिवलेला कुर्ता अंगावर तसाच राहिला.

"निवडणूक रद्द करा!" ते कडाडले. "बाहेरच्यांनी आमच्या निवडणुकीत नाक खुपसायचं कारणच काय?"

शेजारच्या सोसायटीला यांच्या आवारातून गाड्यांसाठी वाट हवी होती. ती द्यायला तयार असलेल्या उमेदवारासाठी तिथल्या सेक्रेटरीने सकाळी सगळ्या मतदारांना मिसळ खाऊ घातली होती.

मतं मोजणाऱ्या वसुमतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, उठून सूचनाफलकापाशी गेल्या. खांडेपारकर दर रविवारी पेपरातलं आपलं 'सुवर्णमध्य' हे सदर तिथे स्वतः लावत. खालची पाणीकपातीची सूचना झाकली गेली तरी बेहत्तर. बाईंनी वर्गात धडा वाचावा तसा आजचा लेख वाचला. "सरकारांनी परदेशातल्या निवडणुकांत ढवळाढवळ करावी का? दोन्ही टोकं टाळावीत. शेजाऱ्याचं हित गुंतलं असेल, तर थोडाफार हस्तक्षेप समजून घ्यावा. हरणाऱ्यांनी आकांडतांडव करू नये."

"अहो, ते देशांबद्दल आहे!" खांडेपारकर ओरडले.

"तेच म्हणते मी. तिथे माणसं मरतात, तरी तुम्ही दोन्ही बाजू समजून घेता," बाई म्हणाल्या. "इथे तर नुसती मिसळ होती."

सगळे हसले. खांडेपारकरांचा हात मात्र नव्या कुर्त्यावरचा तर्रीचा डाग झाकायला धावला. दोन प्लेटी त्यांनीही चापल्या होत्या.