सरांची तार

फळ्यावरच्या परिपथात सेल, बल्ब आणि स्विच होते. त्यांच्यामध्ये मी फ्यूज काढला. “ही तार मुद्दाम बारीक ठेवतात. प्रवाह फार वाढला की आधी ती वितळते, परिपथ तुटतो आणि घर वाचतं.”

केतकी उठून टेबलाशी आली. ती आमच्या समोरच्याच घरात राहते. मे महिन्यात शॉर्ट सर्किट होऊन त्यांचं स्वयंपाकघर जळालं. तिच्या आईच्या हातांच्या पट्ट्या अजून सुटलेल्या नाहीत.

तिने कंपासपेटीतून तांब्याची काळवंडलेली, पीळ घातलेली तार काढली.

“सर, ही आमच्या फ्यूजमधली. गणपतीत माळा लावल्या की फ्यूज सारखा उडायचा, तेव्हा तुम्हीच बसवून दिली होती ना? बाबा म्हणतात, सगळं जळालं, पण सरांच्या तारेला काही झालं नाही. वर्गात दाखवायला दिलीय त्यांनी.”

मुलं माना उंचावून बघू लागली. त्या दिवशी आरतीला माणसं जमली होती आणि फ्यूजची तार घरात नव्हती. मी साध्या वायरचे चार पदर पिळून बसवले, “आता नाही उडायचा,” म्हणालो आणि दोन मोदक खाऊन घरी आलो. नंतर बदलू म्हटलं, ते राहूनच गेलं.

“सर,” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “तार जाड असली तर काय होतं?”

केतकी जागेवर जाऊन बसली होती. उत्तर लिहून घ्यायला तिने पेनाचं टोपण काढलं.