एकोणतीस युनिटं जाळायची आहेत

"लव्हर्न, ओव्हन लाव!" हर्शेल दारातूनच ओरडला. "आणि एसी अडुसष्टवर आण."

त्याची बायको लव्हर्न सोफ्यावर वर्तमानपत्राने वारा घेत बसली होती. बाहेर पारा एकशे चार फॅरनहाइटवर, घरात ब्याऐंशीवर. ब्याऐंशीच्या खाली एसी आणायचा नाही हा त्या घरचा कायदा, आणि तो कायदा करणारा गृहस्थच आता घामाने निथळत समोर उभा होता. तिने उठून आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ऊन लागलं का रे तुला?"

"नऊशे एकाहत्तर!" मीटरवरून काढलेल्या आकड्याचा कागद त्याने तिच्या नाकासमोर नाचवला. "आज रात्री बाराला बिलाचा महिना संपतो. अजून एकोणतीस युनिटं जाळायची आहेत."

मग आलं तिच्या लक्षात. महिन्याला हजार युनिटं वापरली तर बिलात शंभर डॉलरची सूट, अशी त्यांची योजना होती. नऊशे नव्व्याण्णव वापरली तर मात्र छदामही नाही, वर दर असा की डोळे पांढरे व्हावेत. मागच्या महिन्यात हर्शेलने घरभर दिवे मालवत फिरून आकडा बरोब्बर नऊशे सत्त्याण्णववर आणून ठेवला होता. मग तीन युनिटांसाठी चाळीस मिनिटं फोनवर हुज्जत. वीज कंपनीतली बाई मधाळ आवाजात म्हणाली, "करारात लिहिलंय, सर." बरं, योजना सोडावी तर दीडशे डॉलर दंड. तोही करारात होताच.

शिव्या तरी कोणाला घालायच्या? साठ कंपन्यांची पत्रकं वाचून ही योजना त्यानेच निवडली होती, चर्चमधल्या चौघांच्या गळ्यातही त्यानेच मारली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या चौघांना सूट मिळाली, कारण त्यांच्यापैकी कोणीही दिवे मालवत नाही. गेले दोन रविवार ते हर्शेलला बघून खो खो हसत होते. तिसऱ्या रविवारी हसं करून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

लव्हर्नने दोनदा सांगायला लावलं नाही. तिने एसी अडुसष्टवर आणला, ओव्हनमध्ये पीचचा कॉब्लर, म्हणजे फळांचा गोड पाय, भाजायला ठेवला, खालच्या खणात मांसाचा मोठा तुकडा सरकवला आणि गाणं गुणगुणत एकेका खोलीतला दिवा लावत सुटली. प्रत्येक बटणासरशी हर्शेलचा हात ते बंद करायला आपोआप पुढे होत होता. भर दुपारी, दिवे!

तासाभराने तो पुन्हा मीटर पाहून आला. नऊशे अठ्ठ्याहत्तर. एवढ्याने भागायचं नव्हतं. तो कुंपणापाशी गेला. पलीकडे शेजारची कॉन्सुएलो दोरीवर टॉवेल वाळत घालत होती.

"कॉन्सुएलो, ते कपडे मला दे. माझ्या ड्रायरमध्ये वाळवून देतो."

कॉन्सुएलोच्या हातातला चिमटाच पडला. "अहो मिस्टर हर्शेल, ही दोरी तुम्हीच बांधून दिलीत ना मला? देवाचं ऊन फुकट असताना ड्रायर लावणं पाप आहे, असं अर्धा तास ऐकवलं होतंत!"

"आज ते पाप मला करू दे, बाई."

त्याने सगळी हकिगत सांगितली. ऐकून ती पोट धरधरून हसली. मग वाळत आलेले टॉवेलही तिने पुन्हा नळाखाली धरले आणि चार टोपल्या भरून घेऊन आली.

मग काय, ड्रायर घरघरू लागला, कॉब्लरचा वास सुटला, कॉन्सुएलो टॉवेलांच्या घड्या घालत बसली. हर्शेल दर वीस मिनिटांनी टोपी घालून उन्हात पळायचा आणि आत येऊन आकडा सांगायचा. नऊशे शहाऐंशी. नऊशे त्र्याण्णव. नऊशे अठ्ठ्याण्णववर त्याने स्वतःहून इस्त्री गरम करून ठेवली, ही तर कमालच झाली.

सहाच्या सुमाराला त्याची आरोळी बाहेरूनच ऐकू आली. "एक हजार एक! एक हजार एक!"

कॉन्सुएलोने टाळ्या वाजवल्या. हर्शेलने टोपी छताला लागेल एवढी उडवली, इस्त्री बंद केली, तीन दिवे मालवले आणि त्याच झपाट्यात एसीच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावून तर बघ," सोफ्यावरून आवाज आला.

लव्हर्न पाय पोटाशी घेऊन बसली होती. अंगात हिवाळ्यातला लोकरी स्वेटर, हातात वाफाळती कॉफी, आणि चेहरा असा खुललेला की हर्शेल बघतच राहिला.

"अगं, पण झाली ना हजार!"

"झाली. मलाही आनंद आहे. पण एकोणचाळीस ऑगस्ट मी या घरात भाजून काढलेत, हर्शेल, आणि आज पहिल्यांदा मला थंडी वाजतेय." तिने कॉफीचा घोट घेतला. "उद्या दोन हजार युनिटांवर सूट देणारी कंपनी शोध. दंड मी भरते."