परत म्हणा

"गेला नाही. मारला," शिंपीणबाई म्हणाली. "परत म्हणा."

समोर बसलेल्या ट्रकवाल्याने समुपदेशक ताईंकडे पाहिलं. ताईंनी नुसती मान हलवली. या खोलीचा नियमच तसा होता. एकाने बोलायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, आणि पहिला "हो, हेच" म्हणेपर्यंत सुटका नाही. वाद घालायचा नाही, पदरचं काही घालायचं नाही.

शिंपीणबाई खालच्या वस्तीतली, ट्रकवाला वरच्या. दंगलीनंतर दोन्ही वस्त्यांमधून विस्तव जात नव्हता. तिच्या मुलाचा विषय निघाला की वरचे एका सुरात सांगत, "आम्ही नाही बुवा, तुमच्यातल्याच कुणीतरी मारलं." त्यांच्यातल्या एकाने तरी तोंडाने कबूल करावं, एवढ्यासाठी ती आली होती. निघताना धाकटा दीर दारात आडवा आला.

"वहिनी, त्यांच्यापुढे नाक घासायला निघालात?"

"जाब विचारायला निघालेय. यायचं तर चल, नाहीतर बाजूला हो."

दीर आला, पण चार माणसं घेऊन. आता तो खाली रस्त्यावर धुसफुसत उभा होता.

ट्रकवाला आला होता तो बायकोने पिच्छा पुरवला म्हणून. झोप लागत नाही, एवढंच त्याने ताईंना सांगितलं होतं. बाकी ताकास तूर लागू देत नव्हता.

"तुमच्या मुलाला मारलं," तो शेवटी म्हणाला.

"हो, हेच." ती पुढे म्हणाली, "तो दुकानाचं शटर ओढायला गेला. जमाव आला. तो परत आला नाही. म्हणा."

"शटर ओढायला गेला." त्याचा आवाज घोगरा झाला. "जमाव आला. सोडा मला, आई वाट बघतेय, म्हणत होता. परत... परत आला नाही."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे मी सांगितलं नव्हतं," शिंपीणबाई म्हणाली.

ट्रकवाल्याने तोंड ओंजळीत लपवलं. तिचं रक्त उसळलं. खाली दिराचा आवाज ऐकू येत होता. तिने एक हाक मारायचा अवकाश, पाचही जण जिना चढून वर आले असते, आणि पुढचं सांगायलाच नको. ती उठून खिडकीपाशी गेली. ट्रकवाल्याने मानही वर केली नाही.

तिने खिडकी लावली, कडी घातली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"आता तुम्ही बोला," ती म्हणाली. "एकही शब्द गाळू नका. प्रत्येक मी परत म्हणणार आहे."